सगळं त्यातच आलं

अमेरिकेत मुलगा असलेल्या मराठी आईवडिलांची चारधाम यात्रा ठरलेली असते. पहिल्या खेपेला नायगारा आणि न्यूयॉर्कचा पुतळा. दुसऱ्या खेपेला व्हेगास, तेही ‘आम्हाला काही त्यात रस नाही’ असं बजावून. तिसऱ्या खेपेला दाखवण्यासारखं काही उरत नाही, सुनेची सुट्टीही उरत नाही, आणि मग कॅनकुन येतं. भारतीय पासपोर्टावर अमेरिकेचा चालू व्हिसा चिकटलेला असला की मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. डॅलसहून विमान अडीच-तीन तासांत पोचतं. स्वयंपाक नाही, गाडी चालवणं नाही, ‘आज काय करायचं’ हा प्रश्न नाही. ऑल-इनक्लुझिव्ह. सगळं त्यातच आलं.

भाच्याच्या मित्रमंडळींनी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत असा बेत केला आणि पाहुणा म्हणून मलाही त्यात ओढलं. चार-पाच जोडपी, त्यांची मुलं, मुलांचे आजी-आजोबा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिसॉर्टचा व्हिडिओ फिरत होता. वरून ड्रोनने घेतलेली हिरवीगार झाडी, पलीकडे कॅरिबियन समुद्राची निळी पट्टी आणि एक घोगरा आवाज सांगतोय की इथे जंगल समुद्राला भेटतं. जंगल समुद्राला भेटायचं, ते रिसॉर्ट यायच्या आधी. आता दोघांच्या मध्ये लॉबी आहे.

ऑल-इनक्लुझिव्हचं अर्थशास्त्र फार दयाळू आहे. पैसे सहा महिन्यांपूर्वी क्रेडिट कार्डावरून गेलेले असतात, त्यामुळे दुःख शिळं आणि आनंद ताजा. मनगटावर एकदा तो रंगीत पट्टा चढला की माणसाचा स्वभावच पालटतो. आमच्यातल्या कोथरूडच्या काकांनी आयुष्यभर हॉटेलातलं मेन्यूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचलं. आधी किंमत, मग पदार्थ. इथे त्यांना उजवी बाजूच नसलेलं मेन्यूकार्ड मिळालं. पहिल्या संध्याकाळी ते थोडे बिचकले. वेटरला दोनदा विचारलं, हे पण त्यातच का? दुसऱ्या सकाळपासून त्यांना पथ्य, मधुमेह आणि चतुर्थी यांचा एकाच वेळी विसर पडला.

आपल्याकडच्या अनलिमिटेड थाळीचंच हे मोठं भावंड, पण थाळीवाला निदान तिसऱ्या पुरणपोळीला भुवई उंचावतो. इथे कुणी भुवई उंचावत नाही. उलट पाण्यात बसल्याजागी पेय आणून देतात. तलावातच बार, बारमध्येच दगडी स्टुलं, कमरेपर्यंत पाणी. बाहेर न येता माणसं तासन् तास तिथे बसून असतात. पाणी बदलतात की नाही हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर कुणालाच नको आहे. गंमत अशी की ज्याला रोज अर्धा पेग पुरतो तोसुद्धा इथे ‘वसूल’ नावाच्या दैवताला प्रसन्न करण्यासाठी चार रिचवतो. रात्रीच्या वेळी हिशेब मांडला जातो: माणशी इतके डॉलर, आपण आज खाल्लं इतक्याचं. रिसॉर्टचं नुकसान झालं या समाधानात सगळे झोपी जातात. रिसॉर्टही शांत झोपतं.

ही युक्ती मेक्सिकोची नव्हे. जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने 1950 साली स्पेनच्या मायोर्का बेटावर सैन्याच्या जुन्या तंबूंत एक सुट्टीची छावणी उभी केली. त्याचंच पुढे क्लब मेड झालं. दारूचे तेवढे वेगळे पैसे, तेही गळ्यातल्या माळेतले मणी काढून द्यायचे. पोहायच्या कपड्यांना खिसा कुठून असणार? पैसा डोळ्यांआड ठेवण्याची ती पहिली पायरी. पुढे मणीही गेले, पट्टा आला. क्लब मेड 1976 मध्ये कॅनकुनला पोचलं. आता पट्ट्यात चिप असते. खोलीचं दार त्यानेच उघडतं. म्हणजे आपण कोण, हे आपल्यापेक्षा मनगटाला जास्त ठाऊक.

कॅनकुन हे शहर मात्र कुणा हौशी पर्यटकाला सापडलेलं नाही. ते सरकारी फाइलीत जन्मलं. डॉलर कुठून आणायचे या विवंचनेत मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतल्या अधिकाऱ्यांनी साठच्या दशकात देशाचे किनारे पालथे घातले, आकडेमोड केली आणि युकातान द्वीपकल्पाच्या टोकाला, नारळाच्या झाडांशिवाय फारसं काही नसलेल्या वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर बोट ठेवलं. 1970 मध्ये काम सुरू झालं, 1971 मध्ये आंतर-अमेरिकन विकास बँकेचं कर्ज मिळालं, 1974 मध्ये पहिली हॉटेलं उघडली. ज्या किंताना रो राज्यात हे शहर आहे ते राज्यसुद्धा 1974 च्या ऑक्टोबरातलं. आधी हॉटेल, मग राज्य. मराठी वाचकाला यात एक ओळखीचा वास येईल: आपली सिडकोसुद्धा 1970 चीच. त्यांनी वाळूची पट्टी निवडली, आपण खाडीकाठची दलदल. त्यांनी पर्यटक भरले, आपण मुंबईत न मावलेली माणसं. 2020 च्या जनगणनेत कॅनकुनच्या पालिका हद्दीत नऊ लाखांवर वस्ती होती.

कॅनकुन भरलं तेव्हा हॉटेलं किनाऱ्याने दक्षिणेला सरकली, टुलुमपर्यंत, सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्या पट्ट्याला नव्वदीच्या अखेरीस ‘रिव्हिएरा माया’ असं गोंडस नाव दिलं गेलं. यातला रिव्हिएरा युरोपातून उसना आणलाय. माया मात्र तिथलेच. याच जंगलाच्या आश्रयाने माया शेतकऱ्यांनी 1847 साली गोऱ्या जमीनदारांविरुद्ध बंड पुकारलं आणि ते 1901 पर्यंत टिकवलं. अर्धशतकभर मेक्सिकोच्या फौजेला ज्या झाडीने घाम फोडला, तिथे आता ‘माया योद्धा मसाज’ मिळतो. तो मात्र त्यातच येत नाही. त्याचे वेगळे.

*

तर जंगल. जंगल बघायला सकाळी नऊची बग्गी. बग्गी म्हणजे गोल्फच्या मैदानावरची बॅटरीची गाडी, वर झालर, आत थंडगार टॉवेल. जंगलाला टॉवेल लागतो हे मला नवीन होतं. वाटेवर कोआती दिसले, लांब नाकाचे आणि शेपटी उभारून चालणारे. ते कुणालाच घाबरत नाहीत, कारण त्यांचाही पट्टा असावा. बुफेच्या वेळा त्यांना आपल्यापेक्षा पाठ आहेत. हिरवळीवर सेरेके नावाचे सशाएवढे कुरतडे प्राणी निवांत चरत होते. इग्वाना तर खुर्च्या धरून होते. सकाळी सहाला टॉवेल टाकून आरामखुर्ची राखून ठेवणाऱ्या माणसांशी त्यांचा रोजचा झगडा आहे आणि माझी सहानुभूती इग्वानांना आहे.

वाटाड्या आतल्या गावातला माया तरुण. घरात माया, कामावर स्पॅनिश, आमच्याशी इंग्रजी. त्याने दोन झाडं दाखवली. एक चेचेम, ज्याचा काळा चीक अंगाला लागला तर फोड येतात. दुसरं चाका, ज्याच्या सालीने तेच फोड बरे करतात. दोन्ही बहुधा जवळजवळ वाढतात. चाकाची साल लालबुंद आणि सोलपटणारी, म्हणून कॅरिबियनमध्ये त्याला टुरिस्टाचं झाड म्हणतात. समोर बसलेल्या ओहायोच्या जोडप्याकडे पाहिलं आणि नाव चपखल आहे याची खात्री पटली.

आणि तेवढ्यात आमच्यातल्या घोलवडच्या मावशी बग्गीतून उतरल्या. उतरू नका अशी सूचना होती. मावशींनी आयुष्यात कुठल्याही सूचनेकडे लक्ष दिलेलं नाही. त्या एका उंच, काळपट खोडाच्या झाडापाशी गेल्या, पान मोडलं, देठातून आलेला पांढरा चीक बोटावर घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, “अरे, हा तर आपला चिकू!”

वाटाड्या चमकला. “चिकोसापोते,” तो म्हणाला. मावशी म्हणाल्या, “तेच.”

तेच होतं. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही रानं. आपल्याकडे तो बागेतलं झाड, डेरेदार, हाताला लागेल इतपत वाढवलेला. इथे तो जंगलाचा बाप, चार मजले उंच. खोडावर जुन्या तिरप्या चिरा होत्या, खालपासून वरपर्यंत नागमोडी. कोयत्याने चिरा द्यायच्या, चीक खाली पिशवीत गोळा करायचा, कढवायचा, वड्या पाडायच्या. हाच तो चिक्ले. मेक्सिकोतून हद्दपार झालेला माजी राष्ट्राध्यक्ष सांता आन्ना एकोणिसाव्या शतकात हा चीक घेऊन न्यूयॉर्कला गेला. त्यापासून रबर बनवता येईल असं त्याच्या डोक्यात होतं. रबर काही झालं नाही, पण टॉमस अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने त्याचं च्युइंगगम केलं. पुढची कित्येक दशकं अमेरिका जे चघळत होती तो युकातानच्या चिकूचा चीक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातला कृत्रिम चीक स्वस्त पडू लागला आणि रानात चीक काढणारे चिक्लेरो बेकार झाले. त्यांच्या नातवंडांतला एखादा आता बग्गी चालवत असेल. आमच्या वाटाड्याचा आजा चिक्लेरोच होता.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती मावशींच्याच लक्षात आली. एका झाडाचा एकदा चीक काढला की त्याला पुढे काही वर्षं विश्रांती द्यावी लागते, असं तो मुलगा म्हणाला. झाड मेलं तर धंदा बुडाला. मावशी म्हणाल्या, “म्हणजे च्युइंगगमवाल्यांना झाड जगवावं लागत होतं. आणि या हॉटेलवाल्यांना?” मुलाने हसून बग्गी सुरू केली. नोकरी त्याची होती.

दुपारी बुफेत सफरचंद, द्राक्षं, किवी, ब्लूबेरी अशी नटवलेली फळं. चिकू नाही. मावशींनी शेफला गाठलं. पाहुणे ओळखीचीच फळं घेतात, असं तो अदबीने म्हणाला. “मग मी काय अनोळखी?” असं मावशींनी मराठीत विचारलं, ते त्याला बहुधा कळलं. मिरचीचं मात्र बरं होतं. आबानेरो नावाची ठेंगणी, नारिंगी मिरची तिथे घरोघरी असते. काकांनी ठेच्याच्या भरवशावर चमचाभर घेतली. नंतर त्यांनी जे काही मागितलं ते सगळं त्यातच होतं, बर्फासकट.

*

आता पाण्याबद्दल, कारण तिथलं सगळं नाट्य जमिनीखाली आहे. युकातानच्या या भागात नद्याच नाहीत. जमीन चुनखडीची, चाळणीसारखी भोकं पडलेली. पाऊस पडला की सरळ खाली जातो आणि भूगर्भातल्या बोगद्यांतून समुद्राकडे वाहतो. जिथे छत कोसळतं तिथे निळ्या पाण्याची विहीर उघडते, तिला सेनोते म्हणतात. टुलुमजवळची साक आक्तून ही पाण्याखालची गुहा 2018 मध्ये शेजारच्या गुहेला जोडलेली असल्याचं पाणबुड्यांनी शोधलं, तेव्हा तिची लांबी 347 किलोमीटर भरली. मुंबईहून निघून साताऱ्याच्याही पुढे जाल, सगळं पाण्याखालून. गोडं पाणी वर तरंगतं, खाली खारं. म्हणजे पिण्याची टाकी, गटार आणि समुद्र यांच्यामध्ये भिंत अशी नाहीच.

मोठी रिसॉर्टं सांडपाणी शुद्ध करतात आणि ते अभिमानाने दाखवतातही. शुद्ध केलेल्या पाण्यावर हिरवळ फुलवतात. पण त्या हिरवळीवर राबणारी माणसं हायवेच्या पलीकडे राहतात. 307 क्रमांकाचा महामार्ग किनाऱ्याला समांतर धावतो. समुद्राच्या बाजूला रिसॉर्टं, दुसऱ्या बाजूला च्यापास, ताबास्को, वेराक्रुसहून आलेल्या कामगारांच्या वस्त्या, त्यांतल्या कित्येकांत ड्रेनेजचा पत्ता नाही. चुनखडीला यांतलं काही कळत नाही. ती दोन्हीकडचं पाणी सारख्याच निष्ठेने खाली झिरपवते आणि प्रवाळाकडे पाठवते. ऑल-इनक्लुझिव्ह म्हणावं तर ही चुनखडीच.

खारफुटीची कथा आपल्याला नवीन वाटणार नाही. 2007 मध्ये मेक्सिकोने वन्यजीव कायद्यात कलम घालून खारफुटी तोडायला, भरायला बंदी केली. तोडता येईना तेव्हा खारफुटी एकदम सुंदर झाली. नवीन रिसॉर्टं तिच्या मागे बांधतात, मधून कालवे काढतात, होडीतून फिरवतात आणि माहितीपत्रकात कोवळ्या झाडांचे फोटो छापतात. पण कायद्याच्याही आधीच्या परवानग्या असतात आणि त्या कधीच मरत नाहीत. 2016 च्या जानेवारीत कॅनकुनच्या ताहामार भागात पोलीस बंदोबस्तात यंत्रं आत घुसली आणि सकाळपर्यंत तिथली खारफुटी उखडली गेली. शंभरावर मुलांच्या नावाने कोर्टात अर्ज पडला होता. मुलांना स्थगिती मिळाली, खारफुटीला वेळेवर नाही मिळाली. हसू नका. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला असं ठणकावलं, आणि त्यानंतर सार्वजनिक हिताच्या नावाखाली तोडीच्या परवानग्यांसाठी रांग लागली ती तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत.

वाळूचं तर विचारूच नका. कॅनकुनची हॉटेलं वाळूच्या टेकड्यांवरच बांधली. 2005 च्या ऑक्टोबरात विल्मा वादळ आलं आणि ठाण मांडून बसलं. जाताना किनारा घेऊन गेलं. मग समुद्रतळातून वाळू उपसून कोट्यवधी डॉलर खर्चून नवा किनारा अंथरला. तोही वाहू लागला. 2009 च्या जुलैमध्ये पर्यावरण खात्याच्या अधिकाऱ्यांनी सशस्त्र नौसैनिकांसह एका हॉटेलसमोरच्या किनाऱ्याला पिवळी पट्टी बांधून टाळं ठोकलं. आरोप: समुद्रातून पंपाने वाळू ओढून आपल्यासमोर साठवली, त्यामुळे शेजारच्यांची वाळू गेली. पोहायच्या कपड्यांतले पर्यटक बंदूकधाऱ्यांकडे बघत उभे राहिले. आमच्या गोदाकाठच्या आणि भीमाकाठच्या वाळूबहाद्दरांना हे वाचून भरून येईल. चोरी करून वाळू विकत नाहीत, नुसती पसरतात!

निसर्गही अधूनमधून आपलं बिल पाठवतो. 2011 पासून अटलांटिकमधून सर्गासो नावाचं तपकिरी शेवाळ कॅरिबियन किनाऱ्यांवर येऊन पडतं, 2018 मध्ये तर ढिगारेच्या ढिगारे आले, 2025 मध्ये उपग्रहांनी पुन्हा विक्रम नोंदवला. कुजलं की सडक्या अंड्याचा वास. ते अडवायला समुद्रात तरंगते अडसर, उचलायला ट्रॅक्टर, आणि 2019 पासून या सगळ्याची जबाबदारी चक्क नौदलाकडे. आमच्या रिसॉर्टात पहाटे चारपासून माणसं फावडी घेऊन राबायची, म्हणजे सातला उठलेल्या पाहुण्याला किनारा जाहिरातीतल्यासारखा दिसावा. वास राहायचा. त्यावर उपाय म्हणून लॉबीत लिंबाच्या सुगंधाची फवारणी. काका म्हणाले, शेवाळाचा वास चालेल, हा आवरा.

एका बाबतीत मात्र मी या लोकांना सलाम करतो. 2019 मध्ये किंताना रोच्या किनारपट्टी ट्रस्टने समुद्रातल्या प्रवाळाचा विमा उतरवला. वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्यापुढे गेला की पैसे. पंचनामा नाही, सातबारा नाही, बहात्तर तासांत अ‍ॅपवर फोटो टाकणं नाही. 2020 च्या ऑक्टोबरात डेल्टा वादळ आलं आणि साडेआठ लाख डॉलरच्या आसपास भरपाई मिळालीसुद्धा. पाणबुड्यांनी जाऊन तुटलेलं प्रवाळ पुन्हा चिकटवलं. मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याने पुढचा जन्म प्रवाळाचा मागावा.

पाहुण्यांसाठी तिथे काय काय सरकतं ते बघा. 2015 च्या 1 फेब्रुवारीला किंताना रो राज्याने आपलं घड्याळ तासभर पुढे केलं, का, तर पर्यटकांना संध्याकाळचं ऊन जास्त मिळावं. सकाळी अंधारात शाळेला निघणारी पोरं अर्थातच पर्यटक नव्हती. मग माया रेल्वे आली. तिचा कॅनकुन ते टुलुम हा टप्पा आधी हायवेवरून जायचा होता. प्लाया देल कार्मेनच्या हॉटेलवाल्यांनी खोदकामाला हरकत घेतली आणि 2022 मध्ये मार्ग आत जंगलात ढकलला गेला. लाखो झाडं गेली. रुळांचे पोलादी खांब त्या पोकळ चुनखडीतल्या गुहांच्या छतातून आरपार खाली उतरले. मेक्सिकोच्या कायद्याप्रमाणे समुद्रकिनारा सगळ्यांचा, 2020 मध्ये तर वाट अडवणाऱ्याला दंडही ठरला. किनारा जनतेचाच आहे. तिथवर पोचायची वाट तेवढी हॉटेलच्या फाटकातून जाते.

आमच्या शेजारच्या रिसॉर्टात त्या आठवड्यात गुजराती लग्न होतं. वरात, ढोल, आणि पांढरा घोडा निसटत्या वाळूत पाय रुतवत चाललेला. वऱ्हाडी मंडळींच्या मनगटावर मेंदी आणि पट्टा दोन्ही. मावशींना घोड्याची दया आली. तो बिचारा एकटाच होता ज्याला पट्टा नव्हता.

*

शेवटच्या दिवशी काउंटरवर खटका उडाला. तिथल्या पालिका प्रत्येक खोलीमागे, प्रत्येक रात्रीमागे पर्यावरण स्वच्छतेचा एक छोटा कर घेतात आणि बऱ्याच ठिकाणी तो पॅकेजात धरलेला नसतो, वेगळा मोजावा लागतो. खरं तर येतानाच भरायचा होता. काकांनी तो मुक्कामभर लढवत ठेवला. रक्कम एका कॉफीच्या आसपास. त्यांचा मुद्दा तत्त्वाचा होता. “टकिला त्यात, लॉबस्टर त्यात, रात्री तीन वाजताचा पिझ्झा त्यात. आणि पर्यावरण बाहेर? ऑल-इनक्लुझिव्ह म्हणजे ऑल-इनक्लुझिव्ह!” रांगेतल्या कॅनेडियन माणसाने टाळी वाजवली. भाचा मान खाली घालून पाकीट काढू लागला. काकांनी त्याचा हात धरला.

काउंटरवरच्या मुलीला हा प्रसंग नवा नसावा. कर माफ करणं तिच्या हातात नाही, ती म्हणाली, पण तो भरला जाईल अशी व्यवस्था ती करू शकते. त्याबदल्यात काकांनी रिसॉर्टच्या मेंबरशिपच्या टीमबरोबर नाश्ता घ्यायचा. फक्त नव्वद मिनिटं. काका विजयी मुद्रेने निघाले, मावशी गंमत बघायला मागोमाग, आणि मीही.

वातानुकूलित खोली, एका भिंतीला पूर्ण काच, काचेपलीकडे दाट झाडी. सूटमधला तरुण, टॅबलेटवर नकाशा. पंचवीस वर्षांची मेंबरशिप, दरवर्षी एक आठवडा, मुलांच्या नावे करता येते, नातवंडांच्याही. काकांनी दोन क्रोसाँ संपवली आणि तिसऱ्याकडे हात नेला. तरुणाने नकाशा मोठा केला. आत्ताचे ब्लॉक निळे, आणि त्यांच्या मागे, काचेतून दिसत होता तोच हिरवा पट्टा, त्यावर तुटक रेषांचे चौकोन. फेज टू. आत्ता घेतलं तर प्री-लाँच भाव.

मावशी काचेजवळ गेल्या. “इथे चिकू आहेत दोन,” त्या म्हणाल्या.

काकांनी तोंडातला घास संपवला, चष्मा कपाळावर चढवला, नकाशावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा कॉर्नरचा आहे ना? आणि मध्ये काही बांधणार नाही ना पुढे? नाही, सी-व्ह्यू जायला नको.”